विटकरी

मी शटर अर्धं ओढलं होतं तेव्हा एव्हारिस्तो आला.
काखेत पुठ्ठ्याची नळी, नळीत तेवीस प्रिंट,
उजव्या डोळ्यावर चिकटपट्टीनं बसवलेली जाळीदार वाटी.
"मोतीबिंदू काढला परवा, ला सेरेनाला," म्हणाला.
वाटी जराशी वर उचलून भिंतीकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
"मला एक सांग, इमेल्दा.
डोळा नवा झाला,
मग तेजोमेघ जुनाच कसा राहिला?"

विकुन्याच्या या गल्लीत फोटो छापणारी मी एकटी.
लग्नं, पासपोर्ट, बाप्तिस्मे,
आणि दर अमावास्येनंतर याचा पेनड्राइव्ह.
बत्तीस वर्षं तांब्याच्या खाणीत वायरमन होता,
आता डोंगरावर रात्रभर घोंगडं पांघरून
नौकातलातल्या एकाच ढगावर कॅमेरा लावतो.
दोनशे फ्रेम, प्रत्येक दीड मिनिटाची.
एकावर एक रचतो,
त्यातून अंधार वजा करतो
आणि जे उरतं ते माझ्याकडे आणतो.

ते मी तेवीस महिने विटकरी छापलं.
तेवीस महिने तो म्हणत राहिला,
"माझेच डोळे गेले. ठीकच असेल."

मी फाइल उघडली.
स्क्रीनवर रोजचीच पाटी आली,
जी मी रोज न वाचता घालवते.
आज वाचली.
*या चित्राचं प्रोफाइल वेगळं आहे. ठेवू, बदलू, की काढून टाकू?*
आणि माझं बोट
सवयीनं निघालेलं
'काढून टाकू'च्या वर येऊन थांबलं.

दहा म्हणजे दहा काय?
पायल्या की चिपटी?
त्यानं पायलीनं मोजून दिलेला लाल
मी चिपट्यानं मोजून घेत होते.
आकडा तोच. रास मूठभर.
एवढं साधं.
कांदे मोजताना मी अशी चूक केली असती
तर बाजारात कुणी उभं केलं नसतं.

त्याला सांगितलं. सगळं.
तो बराच वेळ एक डोळा मिटून बघत होता,
मग दुसरा मिटून.
"या डोळ्यानं तुझी भिंत दुधासारखी.
या डोळ्यानं चहासारखी.
दोन्ही वेळा भिंत तीच, हे मला माहीत आहे
म्हणून बरं."
मग अचानक हसायला लागला.
"ओतिलियानं पहिली प्रिंट बघूनच सांगितलं होतं,
हा रंग मेलेला आहे.
मी म्हटलं, तुला आकाशातलं काय कळतं?"

ओतिलिया निवडुंगावरचे किडे वाळवते, कुटते,
त्यात लोकर बुडवते.
लिंबू पिळलं की शेंदरी, राख टाकली की जांभळी,
काहीच न घालता निघते ती किरमिजी.
साठ वर्षं तिची बोटं त्याच रंगाची आहेत.

माप जुळवलं.
ढग आतून पेटल्यासारखा उघडला.
एव्हारिस्तो खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला.
फक्त मधोमध राखाडी ठिपके दिसत होते, देवी आल्यासारखे.
"हे काय?"
"इथला लाल कागदात मावत नाही."
"मग तिथं काय छापशील?"
"त्याच्या जवळचा."
त्यानं मान हलवली. पटल्यासारखी नाही,
ऐकल्यासारखी.

पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला,
"पैशांचं राहू दे, तू बरोबर चल.
तिचं खरं होतं हे तिला एकट्यानं सांगायचं
माझ्यात बळ नाही."

रात्रीचे साडेदहा. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब.
ओतिलियानं हात पुसले, प्रिंट घेतली,
दोन्ही कडा धरून डोळ्यांजवळ नेली,
वर बल्बकडे बघितलं
आणि तशीच उलटी करून टेबलावर ठेवली.

"रंग दिव्याखाली बघत नाहीत," म्हणाली.
"बसा. जेवा.
उजाडल्यावर सांगते."